जायफळाच्या बेटावरचा पक्ष



पुरण शिजलं की आपण वरून जायफळ किसून घालतो. बाळाच्या गुटीत सहाणेवर जायफळाचे दोन वेढे देतो. घराघरात असणारी ही वस्तू एका देशाच्या झेंड्यावरही आहे, हे आम्हाला कळलं तेव्हा नवल वाटलं. त्या देशाचं नाव ग्रेनाडा. क्रिकेटमुळे वेस्ट इंडीज हे नाव आपल्या कानावरून गेलेलं असतं. तो एक देश नाही, समुद्रात माळेसारखी पसरलेली बेटं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच बेटांचे आता स्वतंत्र देश झालेत. त्या माळेच्या दक्षिण टोकाला, त्रिनिदादच्या उत्तरेला ग्रेनाडा आहे. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बहुतेक तालुक्यांहून लहान. वस्ती साधारण एक लाख. जायफळ पिकवण्यात हा एवढासा देश कितीतरी वर्षं इंडोनेशियाच्या खालोखाल जगात दुसरा होता.

आज आम्ही या देशातल्या एका पक्षाची गोष्ट सांगणार आहोत. पक्षाचं नाव न्यू ज्वेल मूव्हमेंट. १९७३ साली तो जन्मला आणि १९८३ साली संपला. आता तो अस्तित्वात नाही. मग मेलेल्या पक्षाची कुंडली आज कशाला मांडायची, असं तुम्ही विचाराल. सांगतो. गटांच्या बैठकांना फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, “ताई, चांगला चाललेला गट एकाएकी का मोडतो?” या पक्षाच्या गोष्टीत त्याचं बरंचसं उत्तर आहे. म्हणून गोष्ट लांबची असली तरी कान देऊन ऐका.

आधी त्या बेटाची थोडी माहिती घेऊ. तिथे पूर्वी उसाचे मळे होते, आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम ते कसत. १८३४ साली ब्रिटिशांनी गुलामी कायद्याने बंद केली. मग मळ्यांवर मजूर कमी पडू लागले. १८५७ पासून भारतातूनही करारावर मजूर नेले गेले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. पुढे ऊस मागे पडला आणि कोको, केळी, जायफळ आलं. जायफळ झाडावरून पडलं की वेचायचं, त्यावरची लाल जायपत्री सोडवायची, वाळवायची, फोडायची, निवडायची. यातलं निवडण्याचं काम बहुतेक बायकांच्याच हातात. मळे मात्र मोजक्या मालकांचे. आणि मजुरीत बाईचा दर पुरुषापेक्षा कमी. हे चित्र आपल्याला काही नवीन नाही.

१९५० साली एरिक गेरी नावाच्या तरुणाने या मजुरांची युनियन काढली. १९५१ साली मोठा संप झाला आणि मजुरी वाढली. त्याच वर्षी बेटावर पहिल्यांदाच सगळ्या प्रौढ बायापुरुषांना मताचा अधिकार मिळाला, आणि गेरी यांचा पक्ष निवडून आला. गरिबाच्या बाजूने उभा राहिलेला पहिलाच माणूस, म्हणून लोक त्यांना प्रेमाने ‘अंकल’ म्हणू लागले. म्हणजे काका.

पण काकांच्या हाती सत्ता टिकली तशी त्यांची चाल बदलली. १९६२ साली सरकारी पैशांच्या उधळपट्टीच्या आरोपावरून ब्रिटिशांनी त्यांना पदावरून दूर केलं. १९६७ साली ते पुन्हा निवडून आले. यावेळी विरोधकांना धाक दाखवायला त्यांनी मारझोड करणारी एक टोळीच पाळली. लोक तिला मुंगूस टोळी म्हणत. ज्या माणसाने मजुरांना बोलायला शिकवलं, त्याच्याच राज्यात लोक दबक्या आवाजात बोलू लागले.

१९७० साली राजधानी सेंट जॉर्जेसमधल्या सरकारी दवाखान्याच्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या. दवाखान्यात औषधं नाहीत, साधनं नाहीत, रुग्णांचे हाल बघवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, धरपकड केली. तेव्हा मॉरिस बिशप नावाचे एक तरुण वकील लंडनहून शिकून नुकतेच परतले होते. परिचारिकांची बाजू न्यायालयात मांडणाऱ्यांत ते होते. बेटाने त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते या बायकांच्या खटल्यात. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पक्षांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं राहतात, पण सुरुवात करून देणाऱ्या बायका मागे पडतात.

आता पक्षाच्या जन्माकडे येऊ. बेटाच्या सेंट डेव्हिड भागात युनिसन व्हाइटमन आणि त्यांचे सोबती शेतकऱ्यांमध्ये काम करत होते. त्यांच्या गटाचं नाव ज्वेल. ज्वेल म्हणजे रत्न, पण ते आद्याक्षरांचं नाव होतं. त्याचा अर्थ, कल्याण, शिक्षण आणि मुक्तीसाठी एकत्र प्रयत्न. ला साजेस नावाच्या ठिकाणी एका इंग्रज उमरावाच्या मालकीचा मळा होता. त्याने समुद्रकिनाऱ्याची वाट फाटक लावून बंद केली. पिढ्यानपिढ्या लोक ज्या वाटेने समुद्रावर जात होते, ती बंद. १९७३ च्या सुरुवातीला ज्वेलच्या लोकांनी तिथे जाहीर लोकन्यायालय भरवलं, मालकाचा ‘खटला’ चालवला, आणि लोकांनी ते फाटक काढून टाकलं. तिकडे शहरात बिशप आणि केनरिक रॅडिक्स यांचा वेगळा गट होता. गावोगावी लोकसभा भराव्यात आणि लोकांनी आपला कारभार स्वतः ठरवावा, असं तो मागत होता. ११ मार्च १९७३ ला दोन्ही गट एक झाले. गावचा गट आणि शहरचा गट मिळून न्यू ज्वेल मूव्हमेंट.

मैत्रिणींनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. या पक्षाचा पायाच मुळी ‘लोकांची सभा’ हा होता. बंद केलेलं फाटक काढून तो मोठा झाला.

पुढची सहा वर्षं त्यांनी मार खाल्ला. नोव्हेंबर १९७३ मध्ये बिशप आणि पाच सोबत्यांना ग्रेनव्हिल गावात पोलिसांनी आणि टोळीने बेदम मारलं आणि रक्तबंबाळ अवस्थेत तुरुंगात टाकलं. त्यावर बेटभर संप झाला. २१ जानेवारी १९७४ ला मोर्चावर हल्ला झाला. मोर्चातली मुलं आणि बायका एका इमारतीत आसऱ्याला शिरली. बिशप यांचे वडील रूपर्ट हल्लेखोरांना अडवायला दारात उभे राहिले. त्यांना तिथेच गोळी घातली गेली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ७ फेब्रुवारी १९७४ ला ग्रेनाडा स्वतंत्र झाला आणि गेरी पंतप्रधान झाले. संप अजून चालूच होता.

१९७६ साली निवडणूक झाली. विरोधी पक्षांनी आघाडी केली आणि १५ पैकी ६ जागा मिळवल्या. बिशप विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षी बर्नार्ड कोअर्ड नावाचे अर्थशास्त्राचे अभ्यासक बेटावर परतले आणि तेही निवडून आले. बिशप आणि कोअर्ड यांची ओळख शाळेच्या वयापासूनची. बिशप सभेत बोलू लागले की माणसं हलायची नाहीत. कोअर्ड हिशेबाचे, नियोजनाचे, शिस्तीचे पक्के. एकाला लोक जोडता येत, दुसऱ्याला काम बांधता येई. आपल्या गटात अशा दोघी असल्या तर आपण म्हणतो, गटाचं भाग्य उजळलं.

१३ मार्च १९७९. गेरी परदेशात होते. पक्षाचे पन्नासेक हत्यारी कार्यकर्ते पहाटे लष्कराच्या छावणीवर चालून गेले आणि ती त्यांनी घेतली. मग लगेच रेडिओ स्टेशन घेतलं. सकाळी रेडिओवरून बिशप यांचा आवाज आला. गेरी यांचं राज्य संपलं आहे, लोकांनी आपापल्या भागातल्या पोलीस ठाण्यांवर जाऊन पांढरं निशाण लावायला सांगावं, असं आवाहन त्यांनी केलं. लोक खरंच निघाले. बायकांनी तरुणांसाठी अन्न शिजवलं. दिवस मावळेपर्यंत बेट त्यांच्या हातात आलं. आपण रेडिओवाल्या बायका, म्हणून हे विशेष लक्षात राहतं. राज्य बदलल्याची बातमी तिथे घराघरात रेडिओने पोचवली. त्या भाषणात बिशप यांनी एक वचनही दिलं होतं. लोकशाहीचे सगळे हक्क परत मिळतील, मुक्त निवडणुकाही होतील. हे वचन मनात धरून ठेवा. पुढे लागणार आहे.

नवं सरकार चार वर्षं आणि सात महिने चाललं. एवढ्या काळात त्यांनी जे केलं ते कमी नव्हतं. नोकरी देण्याच्या बदल्यात बाईकडे शरीराची मागणी करणं, हा त्या बेटावर बायकांचा जुना जाच होता. त्यावर नव्या सरकारने सुरुवातीलाच बंदी आणली. सरकारी मळ्यांवर समान कामाला समान मजुरी ठरली. १९८० साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. तीन महिन्यांची रजा, त्यातल्या दोन महिन्यांचा पगार. हा कायदा करण्याआधी त्याचा मसुदा बायकांच्या गटांत आणि कामगार संघटनांत चर्चेला गेला होता. त्याच वर्षी प्रौढ साक्षरतेची मोहीम निघाली. ज्यांना लिहिता-वाचता येत होतं ते स्वयंसेवक होऊन घरोघरी शिकवायला जात. माध्यमिक शाळेची फी आधी कमी केली आणि मग काढूनच टाकली. लहान मुलांना दूध, घरदुरुस्तीला सामानाचं कर्ज, क्यूबातून आलेले डॉक्टर, दंतवैद्य. रिकाम्या हातांना पडीक जमीन, अशी घोषणा देऊन सहकारी गटांना कर्ज देणारी संस्था निघाली. १९८३ साली राष्ट्रीय विमा योजना सुरू झाली, म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनासाठी. ती आजही चालू आहे.

बायकांची संघटनाही जोरात वाढली. राष्ट्रीय महिला संघटना पक्षाने १९७७ सालीच काढली होती. १९८२ पर्यंत तिच्या गावोगावी शाखा झाल्या आणि हजारो बायका सभासद झाल्या. एक लाख वस्तीच्या देशात हजारो म्हणजे किती, याचा अंदाज तुम्हीच करा. जॅकलीन क्रेफ्ट शिक्षणमंत्री झाल्या. बर्नार्ड यांच्या पत्नी फिलिस कोअर्ड महिला संघटनेचं काम बघत. भागाभागांतल्या परिषदांत लोक अधिकाऱ्यांना उभं करून विचारायचे की रस्ता का झाला नाही, पाणी का येत नाही, बस का चुकली. १९८२ साली तर देशाच्या अर्थसंकल्पावर अशा सभांत चर्चा झाली. ग्रामसभेत अंदाजपत्रकाचं वाचन सुरू झालं की निम्मे लोक उठून जातात, हे आपण पाहतो. तिथे देशाचा जमाखर्च बायका ऐकत होत्या आणि त्यावर प्रश्न विचारत होत्या.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती लपवली तर गोष्ट खोटी होईल.

निवडणुका झाल्या नाहीत. आज होतील, उद्या होतील करत चार वर्षं गेली. जुनी राज्यघटना स्थगित राहिली. टॉर्चलाइट नावाचं वर्तमानपत्र १९७९ सालीच बंद केलं. १९८१ साली काही नागरिकांनी नवं पत्र काढलं, तेही बंद पाडलं आणि ते काढणाऱ्यांतल्या काहींना कोठडीत टाकलं. शेकडो लोकांना खटला न चालवता डांबलं. सरकारचं म्हणणं असं की आम्हाला धोका आहे. धोका खोटा नव्हता. जून १९८० मध्ये एका सभेत पुढाऱ्यांच्या व्यासपीठाखाली बॉम्ब फुटला, आणि त्यात पुढारी वाचले पण तीन तरुण मुली गेल्या. अमेरिका उघड वैर धरून होती. पर्यटक यावेत म्हणून क्यूबाच्या मदतीने मोठा विमानतळ बांधला जात होता, तो लष्करी तळ आहे असं अमेरिकेचे अध्यक्ष रेगन सांगत होते. पण धोका आहे म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं, की धोका तर राहतोच, शिवाय तो कुठून येतोय हे सांगणारं माणूसही उरत नाही.

आणि आणखी एक गोष्ट. सभा हजारोंच्या होत्या, पण पक्षाचे पूर्ण सदस्य शंभरसुद्धा नव्हते. पक्षात येणं सोपं नव्हतं. आधी अर्जदार, मग उमेदवार, अभ्यासवर्ग, परीक्षा बघणं, आणि मग पूर्ण सदस्य. खरे निर्णय त्याहून लहान अशा केंद्रीय समितीत होत. त्या समितीत बायका बोटांवर मोजण्याइतक्या. परिचारिकांनी मोर्चा काढला, बायकांनी अन्न शिजवलं, शाखा चालवल्या, साक्षरतेचे वर्ग घेतले. निर्णयाच्या खोलीत मात्र त्या जवळजवळ नव्हत्याच. बाहेर लोकांची सभा आणि आत बंद खोली, असे दोन कारभार शेजारी शेजारी चालू झाले.

त्या खोलीत काय बोललं गेलं, हे आज सगळ्यांना वाचता येतं. पुढे अमेरिकी सैन्याने पक्षाची कागदपत्रं पेट्या भरभरून नेली आणि त्यांतली बरीच छापली. त्यांत बैठकांची इतिवृत्तंही आहेत. ती वाचताना आपल्याच गटाचं इतिवृत्त वाचतोय असं वाटावं, अशा नोंदी आहेत. कार्यकर्ते थकलेत. बैठका फार झाल्यात. माणसं आजारी पडताहेत. सभांना गर्दी कमी होतेय. महिला संघटनेचं काम मंदावलंय. रस्ते खराब आहेत म्हणून लोक नाराज आहेत. सगळं खरं, सगळं नीट लिहिलेलं. पण ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्या लोकांना विचारायला कुणी गेलं नाही. खोलीतल्यांनी खोलीतच उत्तर शोधलं.

ते उत्तर असं. सप्टेंबर १९८३ च्या मध्याला केंद्रीय समितीने ठरवलं की आता एक नेता नको, दोन नेते हवेत. बिशप यांनी लोकांत काम करावं, आणि पक्षाची बांधणी व धोरण कोअर्ड यांनी बघावं. २५ सप्टेंबरला पूर्ण सदस्यांच्या सभेत हा ठराव मंजूर झाला. बिशप यांनीही होकार दिला, गळाभेटी झाल्या. मग ते परदेश दौऱ्यावर गेले. तिथे त्यांचं मन पालटलं. परत आल्यावर ८ ऑक्टोबरनंतर त्यांनी सांगितलं की या निर्णयाचा पुन्हा विचार व्हावा.

एक बाजू म्हणते, बहुमताने झालेला ठराव मोडायचा कसा? दुसरी बाजू म्हणते, ज्याच्या नावावर लोक गोळा झाले त्याला लोकांना न सांगता बाजूला कसं करायचं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आपल्या बैठकीत असा पेच पडला तर आपण पुन्हा बैठक बोलावू, सगळ्यांसमोर मांडू, लागलं तर ग्रामसंघाकडे जाऊ. त्यांनी लोकांकडे जायला हवं होतं. पण लोकांना या ठरावाची गंधवार्ताही नव्हती. वर्तमानपत्र नव्हतं, निवडणूक नव्हती, मोकळेपणाने विचारायची जागा नव्हती. अशा वेळी कुजबूज हीच बातमी होते. कोअर्ड पतिपत्नी बिशप यांना मारणार आहेत, अशी अफवा उठली. अफवा बिशप यांनीच पसरवली, असा आरोप समितीने त्यांच्यावर ठेवला. आणि १३ ऑक्टोबरपर्यंत देशाचा पंतप्रधान स्वतःच्या घरात कैदी झाला होता.

१९ ऑक्टोबर १९८३, बुधवार. दुकानं बंद, शाळा बंद. हजारो लोक रस्त्यावर उतरले, त्यांत शाळेच्या गणवेशातली मुलंमुली मोठ्या संख्येने होती. जमाव बिशप यांच्या घरावर गेला आणि पहारा मोडून त्यांना सोडवून घेऊन आला. क्रेफ्टबाईही सोबत होत्या. सगळे गावातल्या किल्ल्यावर गेले. किल्ल्याचं नाव रूपर्ट, बिशप यांच्या वडिलांच्या नावावरून ठेवलेलं. थोड्याच वेळात दुसऱ्या किल्ल्यावरून चिलखती गाड्या आल्या आणि गोळीबार सुरू झाला. माणसं तटावरून उड्या टाकत होती. अनेक जण मेले. त्यानंतर बिशप, क्रेफ्ट, व्हाइटमन आणि त्यांच्या साथीदारांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. ज्या व्हाइटमननी ला साजेसच्या लोकांना बरोबर घेऊन पक्ष उभा केला, त्यांना त्याच पक्षाच्या सैनिकांनी मारलं. त्यांचे मृतदेह घरच्यांना आजवर मिळालेले नाहीत.

त्या रात्री रेडिओवरून लष्करप्रमुखांचा आवाज आला. चार दिवस कुणीही घराबाहेर पडायचं नाही, दिसेल त्याला गोळी घालू. चार वर्षांपूर्वी ज्या रेडिओने लोकांना घराबाहेर बोलावलं होतं, त्यानेच आता दारं लावून घ्यायला सांगितलं. आम्ही हे वाचलं तेव्हा दुसरं काही वाचायची इच्छा राहिली नाही. त्या दिवशी कितीतरी आया लेकरू घरी आलं का, म्हणून दाराशी बसल्या असतील. शोधायला बाहेर पडायचीसुद्धा बंदी.

सहा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं. काही शेजारी बेटांची सरकारं सोबत होती. डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजिनिया चार्ल्स वॉशिंग्टनमध्ये रेगन यांच्या शेजारी उभ्या होत्या. लढाईत मनोरुग्णालयावरही बॉम्ब पडला आणि तिथले रुग्ण दगावले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या हल्ल्याचा मोठ्या बहुमताने निषेध केला. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल देशांची परिषद आपल्या दिल्लीत भरली, तिथेही या बेटावरच चर्चा झाली. पण बेटावरच्या अनेकांना मात्र सैनिक आल्यावर हायसं वाटलं. घरातल्याच माणसांनी एवढं भय दाखवलं होतं की परकं सैन्य बरं वाटावं. कुठल्याही संघटनेवर याहून वाईट वेळ येत नाही.

पक्ष तिथेच संपला. अमेरिकेने तो संपवला असं म्हणता येत नाही. सैन्य उतरलं तेव्हा तो आतून संपलेलाच होता. कोअर्ड पतिपत्नी आणि इतरांवर खटला चालला. १९८६ साली चौदा जणांना फाशीची शिक्षा झाली, १९९१ साली ती जन्मठेपेवर आली, आणि शेवटचे कैदी २००९ साली सुटले. बिशप यांच्या उरलेल्या साथीदारांनी त्यांच्या नावाने नवा पक्ष काढला. १९८४ च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही.

आज ग्रेनाडात त्या विमानतळाला मॉरिस बिशप यांचं नाव आहे. १९ ऑक्टोबर हा २०२३ पासून राष्ट्रीय वीरांचा दिवस म्हणून पाळला जातो. आणि २५ ऑक्टोबर, सैन्य उतरलं तो दिवस, आभाराचा दिवस म्हणून. एकाच आठवड्यात दोन सुट्ट्या, एक दुःखाची आणि एक सुटकेची. एवढंसं बेट अजून त्या आठवड्यातून पुरतं बाहेर आलेलं नाही.

मैत्रिणींनो, देश आणि बचत गट यांची बरोबरी होत नाही, हे आम्हाला कळतं. आपल्या बैठकीत बंदुका नसतात. पण गट मोडताना आम्ही पाहिले आहेत. आमच्या भागातल्या एका गटाची परतफेड वेळेवर होती, बचत चोख होती. अध्यक्ष आणि सचिव दोघी कामसू, एकमेकींना जीव लावणाऱ्या. दोघींनी मिळून एक मोठं कर्ज घ्यायचं ठरवलं, चांगल्या हेतूनेच. बाकीच्यांना नंतर सांगू म्हणाल्या. नंतर त्या दोघींतच बिनसलं, आणि मग दहाजणींना दोन वेगवेगळ्या गोष्टी कळल्या. कुठली खरी ते ठरवायला कुणाकडे काहीच नव्हतं, कारण बैठकीत ते आलंच नव्हतं. पैसा बुडाला नाही. गट बुडाला.

ग्रेनाडाच्या पक्षातही दोष एकाचा नव्हता. कोअर्ड यांच्या बाजूने घाई केली आणि मग हत्यार उचललं, त्याला क्षमा नाही. पण निवडणुकीचं वचन बिशप यांनीही पाळलं नाही. वर्तमानपत्रं बंद झाली ती त्यांच्याच काळात. खोलीचं दार लावून घेतलं तेव्हा तेही आतच होते. त्यांच्यावर वेळ आली तेव्हा लोक धावून आले, पण लोकांच्या हाती मत नव्हतं, ठराव नव्हता, सभा नव्हती. होते ते फक्त त्यांचे पाय. ते चालत किल्ल्यावर गेले.

आपली पंचसूत्री आपण पाठ म्हणतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. आमची विनंती आहे की पुढच्या बैठकीत पाचही झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि चार प्रश्न घ्या. गेल्या वर्षातला कुठला निर्णय सगळ्यांना न विचारता झाला? पदाधिकारी ठरल्या वेळी बदलतात का, की ‘तीच बरी आहे’ म्हणून चालू ठेवतो? गटात न पटणारं बोलणारी बाई आहे का, आणि ती अजून बैठकीला येते का? आणि आपल्या इतिवृत्तात जे लिहिलंय ते वाचता न येणाऱ्या बाईला कुणी वाचून दाखवतं का? उत्तरं आम्हाला कळवली नाहीत तरी चालेल. एकमेकींना मोठ्याने द्या, एवढंच.

आणि पुढच्या वेळी पुरणात जायफळ किसताना त्या बेटावर जायफळ निवडणाऱ्या बायांची आठवण काढा. त्यांनी खूप काम केलं होतं. त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं.

येते आम्ही. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.